लंकाबाईच्या नावाची टेप

पुणे,
१४ जून २०२५

ती. अण्णांना ज्योतीचा नमस्कार.

तुम्हाला फोन करून उपयोग नाही, आणि शेजारच्या काकासाहेबाच्या मोबाईलवर निरोप पाठवला की तो आधी सगळ्या आळीला वाचून दाखवतो आणि मग तुमच्याकडे येतो. म्हणून हे पत्र. साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये, त्या यंत्रांच्या आवाजात तीस वर्षं काढून तुम्ही कान घालवलेत, त्याची शिक्षा माझ्या बोटांना.

आमचं केंद्र बंद होतंय. 'बंद' म्हणायचं नाही असं वरून सांगितलंय, 'विलीन' म्हणायचं. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय अभ्यास संशोधन केंद्र म्हणजे एके काळी केवढं प्रस्थ! देशोदेशीचे अभ्यासक यायचे, आपल्या खेड्यापाड्यांत हिंडायचे, लोकांना बोलतं करायचे आणि जाताना सगळे कागद, फोटो, टेपा आमच्याकडे ठेवून जायचे. आता ते सगळं एका मजल्यावरून अर्ध्या खोलीत बसवायचं आहे, आणि दप्तर सांभाळणारी मी एकटी. काय ठेवायचं, काय संगणकावर चढवायचं, काय रद्दीत घालायचं, हे दिवसभर ठरवते. संध्याकाळी घरी आले की ज्ञानू विचारते, "आई, आज काय फेकलं?" उत्तर द्यायचंही त्राण नसतं. पाठ गेली, डोळे गेले, आणि धुळीने नाक तर कायमचंच गेलंय.

पण काल एक गंमत झाली. 'साखर कारखान्याभोवतालच्या स्त्रिया, १९८८' असं लिहिलेलं खोकं उघडलं. आत कॅसेटी. एकीवर आपल्या खैरवाडीचं नाव आणि पुढे 'लंकाबाई'. अण्णा, आपली आई! हॉलंडहून आलेल्या कुणा आनेका नावाच्या बाईंनी घेतलेली मुलाखत. आई मला कधी बोलली नाही. तुम्हाला आठवतं का?

आईला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तिचा आवाज माझ्या टेबलावर डबीत पडून आहे. कॅसेटला बुरशी आहे, साफ करून घ्यावी लागेल, म्हणून अजून ऐकली नाही. या सगळ्या टेपा आता इंटरनेटवर जाणार. त्यासाठी जवळच्या नातेवाइकाची सही लागते, 'खुली' किंवा 'बंद'. कागद सोबत जोडला आहे. 'खुली'पुढे सही करून पाठवा. तुम्हाला ऐकू येणार नाही हे माहीत आहे, म्हणून मी शब्दन् शब्द लिहून पाठवीन.

पंचमीला येतेच आहे.

ज्योती

*

खैरवाडी, ता. नेवासा
२५ जून २०२५

चि. ज्योतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन हसत होता. त्याच्या ओठांवरून कळलं ते असं, की या गावात हाताने लिहिलेलं पत्र आता मला एकट्यालाच येतं. मी गेलो की त्याचं इकडचं येणं वाचेल. मी म्हटलं, थांब थोडा, मी पण त्याच विचारात आहे.

इकडे ठीक. कालव्याचं आवर्तन अजून सुटलेलं नाही. गोजरबाई रोज कालवण पाठवते, तिखट फार असतं पण पाठवते हे काय कमी आहे. तिचा मच्छिंद्र गेल्यापासून ती फार बोलत नाही. तिची सुनीता श्रीरामपूरहून महिन्याला येते, बापाच्या फोटोला हार घालते, आईची औषधं भरून देते आणि जाते. लेक असावी तर अशी, असं गाव म्हणतं. मी म्हणतो, माझी पण आहे, पण तिला खोकी आवरायची असतात.

त्या आनीबाई आठवतात. आम्ही आनीबाईच म्हणायचो. उंच, उन्हाने लाल झालेल्या, आणि बरोबर दुभाषी म्हणून श्रीरामपूरच्या रूथबाई. दोन महिने गावात होत्या.

कागदावर सही करून पाठवतो आहे. सही 'बंद'पुढे केली आहे. टेप साफ वगैरे करत बसू नकोस. तुझ्या आईला गाणं येत नव्हतं की भाषण येत नव्हतं, त्यात काय असणार? आहे तशी डबीत ठेवून दे. तुझी पाठ दुखते आहे, त्याकडे बघ.

पंचमीला लवकर ये. शनिवारी निघू नकोस, शिंगणापूरच्या गर्दीत एसटी अडकते.

तुझा,
अण्णा

*

पुणे,
९ जुलै २०२५

अण्णा,

तुम्ही 'बंद'पुढे सही केलीत आणि वर 'ऐकू नकोस' असंही लिहिलंत. आत काय आहे हे एका शब्दाने विचारलं नाहीत. म्हणून मी ऐकली.

आईचा आवाज ऐकून आधी पाच मिनिटं मी नुसती रडले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, मालक कारखान्यात फिटर आहेत म्हणून सांगितलं. तुमचं नाव घ्या म्हटल्यावर हसली. मग रूथबाईंनी विचारलं, मुलगी झाली तेव्हा घरात काय झालं? पुढचं जसंच्या तसं लिहिते.

"पोरगी झाली. पयलीच. दवाखान्यातनं बाळंत हून आले तर मालक दारात उभे. म्हनले, हिला घेऊन आत यायचं न्हाई. सासू रडली, पाया पडली, तरी न्हाई. मंग मी पोरीला उचललं आन् विहिरीकडं गेले. भर दुपार हुती. काठावर बसले. पोरगी पीत हुती. म्हनलं, हिचं पिऊन झालं की उडी घ्यायची. तर ती पिता पिताच झोपली. झोपल्यालं लेकरू कसं टाकावं वो?"

रूथबाई विचारतात, मग? आई म्हणते, "मंग कोनतरी आलं, हाताला धरून घरी नेलं."

अण्णा, ती झोपलेली पोरगी म्हणजे मी.

यशोदाआत्या लहानपणी मला म्हणायची, "तू नको हुतीस तुझ्या बापाला." आई तिच्यावर तुटून पडायची आणि मला सांगायची की आत्याची जीभच तशी आहे. मी आईवर विश्वास ठेवला. ज्ञानू झाली तेव्हा तुम्ही पहिल्या एसटीने आलात, तिला मांडीवर घेऊन तासभर हलला नाहीत. दवाखान्यातल्या सगळ्या बायका म्हणाल्या, असा बाप पाहिला नाही. ते काय होतं मग? माझ्या वेळची भरपाई?

मला एवढंच सांगा, हे खरं आहे का? हो किंवा नाही.

ज्योती

*

खैरवाडी
१९ जुलै २०२५

चि. ज्योतीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं.

काय लिहू? चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यातली निम्मी माणसं राहिली नाहीत. तुझी आई जे बोलली ते विचार करून बोलली असणार. ती उगाच काही बोलणारी बाई नव्हती.

मी सही केली आहे ती तशीच राहू दे. टेप बंद ठेव. माझ्यासाठी म्हणत नाही.

पंचमीला ये. पुरणाची दिंडं गोजरबाई करणार आहे, तिला तुझी वाट आहे.

अण्णा

*

पुणे,
२४ जुलै २०२५

अण्णा,

'नाही' एवढी दोनच अक्षरं लिहायची होती. तुम्हाला ती लिहिता आली नाहीत, यातच सगळं आलं.

मी पंचमीला येत नाही. पुढचंही काही नक्की नाही. माहेरपणाला जायचं ते कुणाच्या घरी जायचं, हे आधी माझं मला ठरवू दे.

तुम्ही बंद म्हणता, पण लेक म्हणून माझीही सही चालते. सप्टेंबरअखेर कागद द्यायचे आहेत. आई जे बोलली ते तिला कुणीतरी ऐकावं म्हणूनच बोलली असेल. जिवंतपणी तिचं कुणी ऐकलं नाही, आता तरी जगाने ऐकावं असं मला वाटतं. मी 'खुली'पुढे सही करणार आहे.

खूप थकले आहे. लिहवत नाही.

ज्योती

*

खैरवाडी
१४ ऑगस्ट २०२५

चि. ज्योतीस आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर लगेच लिहिलं नाही. दोनदा लिहिलं आणि फाडलं.

पंचमीला गोजरबाई दिंडं घेऊन आली. "ज्योती कुटं हाय?" म्हणून हातानेच विचारलं. मी म्हटलं, काम आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ती काही खुळी नाही.

ताप येऊन गेला, आता बरं आहे. काळजीचं काही नाही. वयाच्या मानाने जेवढं मोडायला हवं तेवढंच मोडलं आहे. चालायला गेलं की दम लागतो, म्हणून चालायला जात नाही, झालं.

तुला राग आला आहे तो रास्त आहे. माझ्यावर राग धर, पाहिजे तेवढा धर. पण बाई, ती टेप खुली करू नकोस. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागतो आहे.

ज्ञानूला आशीर्वाद.

अण्णा

*

पुणे,
२६ ऑगस्ट २०२५

ती. अण्णांना ज्योतीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी तीन दिवस लिहिते आहे. कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

'खुली'पुढे सही करून कागद टेबलावर ठेवला होता. पाठवायच्या आधी खोक्याची यादी पुरी करायची म्हणून खैरवाडीच्या उरलेल्या कॅसेटी बघायला बसले. तळाशी एक वेगळी ठेवलेली होती. तिच्यावर चिठ्ठी : 'गावात ऐकवायची नाही. बाईंची विनंती.' आणि नाव गोजरबाईंचं.

ती आनीबाईंनी त्याच दिवशी घेतलेली आहे, आईच्या टेपनंतर. गोजरकाकू सुरुवातीला नीट सांगतात, मालक शेती करतात, दोन एकर आहे, बैलजोडी आहे. मग तोच प्रश्न येतो, मुलगी झाली तेव्हा काय झालं? आणि काकू म्हणतात :

"लोक म्हनले पयली पोरगीच. पन मालक मिलमधनं आले, कानातला कापूस काढला, आन् पोरीला बघून हसायलाच लागले. पेढ्याला पैसा कुटला? घरातली साखर घेतली आन् चमचा चमचा साऱ्या आळीला वाटत सुटले."

मच्छिंद्रकाका मिलमध्ये? ते कारखान्याच्या फाटकाच्या आतसुद्धा कधी गेले नसतील, ऊस टाकायला गेले तेवढेच. मी टेप थांबवली. मागे नेली. पुन्हा ऐकली. आणि या वेळी काकूंच्या बोलण्याच्या मागे, लांबून, दुसरा आवाज ऐकू आला. दबक्या आवाजात कुणीतरी काकूंना दुरुस्त करत होतं.

"चमचा न्हाई. वाटी. वाटी म्हन."

आई होती, अण्णा.

मग सगळंच ऐकू यायला लागलं. काकू अडखळतात, आई मागून सांगते, काकू तेच बोलतात. शेवटी आनीबाई विचारतात, नवरा एवढा चांगला आहे तर त्याला कधी बोलून दाखवता का? दोघी हसायला लागतात. काकू म्हणतात, "असं कुटं बोलून दाखवत्यात व्हय?" आणि मग आई काकूंच्या तोंडून न बोलता स्वतःच बोलते. टेपपासून लांब आहे, पण स्पष्ट आहे.

"त्येंना हल्ली कमी ऐकू येतंय. तर मी त्येंच्या पाठीमागं उभी ऱ्हाऊन बोलते. सैपाक करता करता समदं सांगते. तोंडावर न्हाई सांगता येत ते. त्येंना कळत न्हाई आन् माझं बोलून व्हतंय."

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहून पाठवते म्हटलं होतं. हे पाठवते आहे.

आता मला सांगा, दोघींनी एकमेकींचं का सांगितलं? आणि सांगितलं ते सांगितलं, तुम्ही मला 'नाही' का म्हणाला नाहीत? मी तुम्हाला काय काय लिहिलं! माझी पत्रं फाडून टाका.

ज्योती

*

खैरवाडी
४ सप्टेंबर २०२५

चि. ज्योतीस अनेक आशीर्वाद.

पत्र उन्हात बसून वाचलं. मग आत येऊन वाचलं. पाठीमागे उभी राहून ती बोलायची हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी वळून बघितलं नाही. एवढ्या वर्षांत एकदा तरी वळायला काय झालं होतं मला? आज दिवसभर तेवढाच विचार करतो आहे.

आता तुला कळलंच आहे, तर सगळं सांगतो. अर्धं कळलेलं वाईट.

आनीबाईंची एक पद्धत होती. घेतलेली टेप त्या परत त्याच गावात ऐकवायच्या. म्हणायच्या, तुमचं बोलणं तुमच्यासमोर वाजवून दाखवल्याशिवाय मी घेऊन जाणार नाही, कुणाला काही पुसायचं असेल तर पुसा. बाई प्रामाणिक होती. पण तिच्या हे ध्यानात आलं नाही, की मारुतीच्या देवळासमोर टेप वाजणार म्हटल्यावर कोणती बाई स्वतःच्या घरातलं बोलेल?

विहिरीवर गेली ती गोजर. ती पोरगी सुनीता. आणि 'कोनतरी आलं' म्हणाली ना, ते कोणतरी म्हणजे तुझी आई. तिनेच त्या मायलेकींना आपल्या घरी आणलं, पाच दिवस गुपचूप ठेवून घेतलं. गोजरच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. मी मच्छिंद्रला समजवायला गेलो, तर तो माझ्याच अंगावर आला. पुढे त्याने दोघींना घरात घेतलं, पण पोरीला कधी हात लावला नाही, आणि गोजरला मात्र रोज लावला.

गोजरला ते सांगायचं होतं. कुणाला तरी, एकदा. पण तिच्या तोंडून टेप वाजली असती तर मच्छिंद्रने तिला जिवंत ठेवलं नसतं. तेव्हा तुझी आई म्हणाली, माझ्या नावावर सांगते, तू माझं सांग.

मला हे ज्या दिवशी टेप वाजणार त्या सकाळी कळलं. भाकरी बांधून देताना म्हणाली, "आज गावात तुमची बेइज्जती व्हनार हाय. माझ्या तोंडनं. पन तुमी उठून जाऊ नका. मच्छिंद्रभावजींच्या जवळ बसा. तुमी बसला तर त्येंनाबी उठता यायचं न्हाई."

मी बसलो. तेव्हा ऐकू येत होतं थोडंफार, आणि त्या दिवशी तर सगळंच ऐकू आलं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मच्छिंद्र माझ्या शेजारी होता आणि तो जमिनीकडे बघत होता. त्याला प्रत्येक शब्द ओळखू येत होता, पण तोंड उघडायची सोय नव्हती. उघडलं असतं तर स्वतःच कबूल केल्यासारखं झालं असतं. 'झोपल्यालं लेकरू' आलं तेव्हा त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबून धरला. टेप संपेपर्यंत काढला नाही.

त्या दिवसानंतर तो बदलला. एकदम नाही, पण बदलला. पुढच्या वर्षी सुनीताला त्यानेच खांद्यावर बसवून शाळेत नेलं. ती मोठी झाली ती बापाच्या जिवाची म्हणूनच. तिला यातलं काही ठाऊक नाही.

मिलमधल्या लोकांनी काही दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तुझ्या वेळची साखर खाल्लेलेही त्यांत होते, पण बायकोनेच स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर साखर कुणाला आठवते? तू तेव्हा सुट्टीत शेवगावला आजोळी होतीस. यशोदाने मात्र टेप ऐकली होती, आणि तिच्या पोटात काही राहत नव्हतं.

गोजर त्या दिवशी तिची टेप वाजवू नका म्हणून आनीबाईंच्या पाया पडली. का, ते मला आज तुझ्या पत्रावरून कळलं. मिलचं नाव तोंडातून निसटलं होतं ना, गावाने लगेच ओळखलं असतं.

पत्र फाडायला सांगतेस. मी कशाला फाडू? माझ्याच पोरीची आहेत.

तुझा,
अण्णा

*

पुणे,
९ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा,

तुमचं पत्र ज्ञानूला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली, आणि येताना तुमचा फोटो घेऊन आली.

मी ठरवलं आहे. दोन्ही टेपा एकत्र खुल्या करायच्या, आणि सोबत मी टिपण लिहायचं, की या दोघींनी एकमेकींचं आयुष्य सांगितलं आहे. दप्तर सांभाळणारीचं कामच ते, चूक नोंद तशीच पुढे जाऊ द्यायची नसते. सदतीस वर्षं तुम्ही न केलेल्या गोष्टीचा डाग घेऊन बसलात. मिलमधले लोक, यशोदाआत्या, अख्खं गाव. अण्णा, आता पुरे झालं. जगाला कळू दे तुम्ही काय होतात ते. निदान गावाला तरी.

दोन्ही टेपांचे कागद सोबत आहेत, तुम्ही फक्त गोजरकाकूंना विचारा. त्या नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

गौरीलाही आले नाही याचं फार वाईट वाटतंय.

ज्योती

*

खैरवाडी
२० सप्टेंबर २०२५

चि. ज्योतीस अनेक आशीर्वाद.

गोजरला विचारलं. तिच्या घरी जाऊन विचारलं. तिचं उत्तर ओठांवरून कळलं. "भाऊ, तुमी म्हनाल तसं. तुमच्यासाठी मी गावात उभी ऱ्हाऊन सांगते." आणि लगेच उठून दाराला कडी घातली. म्हणजे विचारायलाच नको होतं.

परवा मच्छिंद्रचं पित्र होतं. मला जेवायला बोलावलं होतं. शेजारच्या काकासाहेबाने पाट मांडला, वाढायला सुनीता होती. बापाच्या फोटोसमोर नैवेद्य ठेवताना तिचे डोळे भरले. "दादांसारखा बाप कुनाला मिळत न्हाई," असं बाजूच्या बायकांना म्हणाली. मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो, म्हणून कळलं. मग माझ्या पानावर आली. खीर वाढली, भात वाढला, पण माझ्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे कधीच बघत नाही. तिच्या लेखी पोरीला बाळंतिणीसकट विहिरीवर घालवणारा माणूस मी आहे. आपल्या आईच्या मैत्रिणीचा नवरा म्हणून वाढायचं, एवढंच.

ज्योती, तुझं टिपण बरोबर आहे. तू तुझ्या कामात चोख आहेस याचा मला अभिमान आहे. पण ते टिपण सुनीता वाचेल. आज ना उद्या कुणीतरी मोबाईलवर दाखवेलच. मग तिचा बाप त्या फोटोतून उठून जाईल, आणि तिच्या हाती माझ्यासारखा परका म्हातारा उरेल, ज्याच्याकडे तिने कधी धड बघितलंही नाही. चाळीशी उलटलेल्या बाईने नवा बाप कुठून आणायचा?

तुझ्या आईने ते माझ्या नावावर टाकलं, कारण मी तिच्यावर हात उचलणार नाही याची तिला खात्री होती. गावात एवढ्या बायका होत्या, पण दुसऱ्या कुणालाही नवऱ्याच्या नावावर असलं काही टाकायची सोय नव्हती. हे मला त्या दिवशी देवळासमोर बसल्या बसल्या कळलं. बायकोने मला दिलेलं याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं असणार? ते मी आता रद्द करून घेणार नाही.

तुला कळलं, ज्ञानूला कळलं. माझं काम झालं.

दोन्ही टेपांच्या कागदांवर 'बंद'पुढे सही केली आहे. गोजरचा अंगठा नको, तिला सही येते, तिने केली आहे. आमच्या माघारी, सुनीताच्याही माघारी, पाहिजे तर उघडा.

जेवताना सुनीताने शेवटी विचारलं, अजून खीर वाढू का? खाली बघूनच विचारलं. मी वाटी पुढे केली. तिने भरून वाढली.

तुझा,
अण्णा